दोन लाख किलोमीटरच्या घरात आलेली वॅगन आर: विकू की ठेवू?

प्रश्न: आमची २०१३ सालची पेट्रोल वॅगन आर आहे. मीटर १ लाख ९२ हजारांवर आलाय. मी शिक्षिका आहे. चिपळूणहून शाळेला जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर होतात, शिवाय महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जावं लागतं, सासूबाईंच्या उपचारांसाठी. हल्ली सकाळी गाडी सुरू केली की मागून निळसर धूर येतो आणि मिनिटभरात जातो. घाट उतरून सपाटीला लागलो की पुन्हा एकदा येतो. मागच्या उन्हाळ्यात गाडी घाटात तापत होती म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता तो म्हणतो, इंजिन खोलून बोअर करावं लागेल, चाळीस हजार धरून चाला. दीर म्हणतात, त्यापेक्षा ही विका आणि चार-पाच वर्षं जुनी दुसरी घ्या. नव्या गाडीचा हप्ता आम्हाला झेपणार नाही, मुलगी यंदा बारावीला आहे. ही गाडी अजून पाच वर्षं चालेल का? आणि डिसेंबरात सगळ्यांनी मिळून पंढरपूरला जायचं ठरतंय, तेव्हा हीच न्यावी का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर:

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक करा: इंजिन खोलायला आत्ता होकार देऊ नका. तुम्ही धुराचं जे वर्णन केलंय, ते इतकं नेमकं आहे की अर्धं निदान त्यातच झालंय. सकाळी सुरू करताना धूर आणि घाट उतरल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला की धूर, मधल्या वेळात काही नाही. अशा वेळी पहिला संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यायचा. इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, प्रत्येक व्हॉल्व्हच्या (झडपेच्या) दांड्यावर रबराची छोटी टोपी असते. वरचं ऑइल खाली सिलिंडरमध्ये झिरपू नये, हे तिचं काम. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेने ती कडक होते. मग रात्रभर गाडी उभी असताना ऑइलचे चार थेंब आत उतरतात आणि सकाळी जळून निघून जातात. उतारावर पाय सोडलेला असताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि तेव्हाही तेच होतं. याउलट पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या, रिंगा झिजल्या असत्या, तर चढावर, भार पडल्यावर धूर सतत दिसला असता आणि मिनिटभरात थांबला नसता.

अर्थात पत्रावरून मी शिक्कामोर्तब करणार नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं, आणि ती झाल्याशिवाय कुणालाही बोअरचं, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कापून मोठं करण्याचं, नाव काढू देऊ नका. इंजिन गरम करून तिन्ही स्पार्क प्लग काढतात, प्लगच्या जागी दाबाचं मीटर लावतात, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घेतात. तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा आणि तिन्ही आकडे वहीत उतरवा. तिन्ही एकमेकांच्या जवळ असतील आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसत असतील, तर रिंगा आणि बोअर ठीक आहेत. एखादा बराच खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंग गेलीय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, किंवा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, प्रश्न आहे. एवढ्या तपासणीला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. ज्या गॅरेजकडे हे मीटर नाही, त्या गॅरेजने चाळीस हजारांचा अंदाज द्यावा, हे मला पटत नाही. सील बदलायचं काम वरच्या भागातलं आहे, त्यासाठी पूर्ण इंजिन गाडीतून उतरवावं लागत नाही, आणि खर्च बोअरच्या तुलनेत फारच कमी येतो. त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्हही बघायला सांगा. इंजिनातली वाफ बाहेर काढणारा हा भाग छोटा आणि स्वस्त असतो. तो तुंबला तरी इंजिन ऑइल खायला लागतं.

तोवर तुमच्या हातात असलेलं काम म्हणजे डिपस्टिक, ऑइलची पातळी बघायची दांडी. रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना दांडी ओढा, पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग ओढून बघा. दोन खुणा दिसतील. त्यांच्यामधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभराचं असतं. ऑइल वरच्या खुणेच्या जवळ ठेवा, तिच्या वर मात्र नको. आज किती किलोमीटरला किती ऑइल घातलं, हे लिहीत जा. हजार किलोमीटरला पाव लिटर लागत असेल, तर या वयाच्या गाडीत मी ते चालवून घेईन. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर काम काढावंच लागेल, कारण जळकं ऑइल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतं आणि मग पीयूसीलाही गाडी अडते.

जुन्या गाडीने ऑइल खाल्लं की त्यात जाड ऑइल ओतायचं, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. २०डब्ल्यू-५० घातलं की धूर थोडा कमी दिसतो खरा. पण तुमच्या गाडीचं के-सिरीज इंजिन पातळ ऑइलसाठी बनवलेलं आहे. सकाळी थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि झीज सगळ्यात जास्त त्या पहिल्या काही सेकंदांत होते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच घाला. अंतर मात्र कमी करा. कंपनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते. घाट आणि छोट्या फेऱ्या असणाऱ्या, दोन लाखांच्या जवळ आलेल्या गाडीला मी सहा-सात हजारांवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायला सांगतो. इंजिनात तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, त्यामुळे हा खर्च मोठा नाही आणि याच्याइतका वसूल होणारा दुसरा खर्च मला माहीत नाही. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुऊन काढतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. इतक्या वर्षांची जमलेली मळी एकदम सुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसते.

आता थर्मोस्टॅट. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट हे कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, वाटेवरचं दार आहे. इंजिन साधारण ८०-९० अंशांना पोचेपर्यंत ते बंद राहतं, मग उघडतं. ते काढलं की कूलंट पहिल्यापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन लवकर गरमच होत नाही, गाडीतला कॉम्प्युटर थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याचा अंश मिसळतो आणि झीज वाढते. तुमची शाळेची एका बाजूची फेरी १५ किलोमीटरची. पावसाळ्यात तर त्या अंतरात इंजिन धड तापतही नसेल. गेल्या वर्षभरात अॅव्हरेज पडलं असेल, तर त्याचं कारण बहुतेक हेच आहे.

आणि मूळ दुखणं तर तसंच राहिलं. गाडी घाटात तापत होती ती का? रेडिएटर आतून गंजाने तुंबलाय का? बाहेरून, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि पाचोळा यांचा थर बसलाय का? तिथे वरून कधीच दिसत नाही, टॉर्च मारून बघावं लागतं. पंखा वेळेवर लागतो का, पूर्ण वेगाने फिरतो का? रेडिएटरचं झाकण दाब धरतंय का? ते झाकण ढिलं झालं तर पाणी कमी तापमानाला उकळतं, आणि दोन-तीनशे रुपयांच्या झाकणापायी हेड वाकतं. आत कूलंट आहे की साधं नळाचं पाणी, हेही पाहा. हे इंजिन अॅल्युमिनियमचं आहे. नळाच्या पाण्याने ते आतून खराब होतं आणि एकदा जोरात तापलं की हेड वाकायला वेळ लागत नाही. म्हणून सगळी व्यवस्था एकदाच नीट करून घ्या: रेडिएटर साफ, वरचा-खालचा होस पाइप नवा, झाकण नवं, थर्मोस्टॅट नवा, कूलंट मॅन्युअलप्रमाणे. वॉटर पंपाच्या खाली गुलाबी-हिरवट सुकलेला ओघळ दिसतो का तेही बघायला सांगा. यानंतरही कधी तापमानाचा इशारा लागलाच, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर करून ब्लोअर मोठा करा, बाजूला थांबा आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे अमुक किलोमीटरला बेल्ट बदलायची टांगती तलवार नाही. थंडीत सुरू करताना पुढून दोन-चार सेकंद खडखडाट आला, तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बघावा लागेल. नाही आला तर विसरून जा.

इंजिनाबद्दल इतकं लिहिलं, पण ताई, कोकणातल्या गाडीचं आयुष्य इंजिन ठरवत नाही, पत्रा ठरवतो. मीटरचा आकडा पाहून घाबरणारे लोक गाडीच्या पोटाखाली कधी वाकून बघत नाहीत. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने दमट खारी हवा. दोन लाख किलोमीटरनंतर थकलेलं इंजिन दुरुस्त होतं, पण ज्या पत्र्यावर लोअर आर्म (पुढचं चाक खालून धरणारा दांडा) किंवा मागचा अॅक्सल बसवलाय तो कुजला, तर त्याला ठिगळं लावून कुटुंबाला घेऊन घाट उतरू नये. म्हणून पाच वर्षांचा प्रश्न खरं तर रॅम्पवर सुटेल. गाडी वर घ्यायला लावा. दोन्ही बाजूंच्या दारांखालचा पट्टा, जॅक लावायच्या जागा, पुढच्या लोअर आर्मची बैठक, मागच्या अॅक्सलची आणि शॉकअबची बैठक, या ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आणि टोकाने टोचून बघा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला, पापुद्रे गळले किंवा टोक आत गेलं, तर दिरांचं म्हणणं ऐका आणि या गाडीवर आणखी पैसे घालू नका.

पत्रा चांगला निघाला, तर तो टिकवणं फार अवघड नाही. पावसाळ्याआधी पोटाला काळं ऑइल किंवा डिझेल मारून घ्यायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगतात आणि खराब होतात, त्यावर चिखल चिकटून बसतो तो वेगळाच. त्याऐवजी दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर, पोट स्वच्छ पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या, जिथे गंज आहे तिथे घासून प्रायमर मारा आणि मगच अंडरकोटिंग करा. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग गंज झाकतं आणि आत वाढू देतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. पाचोळा आणि माती बसून ती बुजतात आणि दार आतून कुजतं. वर्षातून दोनदा ती बारीक काडीने मोकळी करा, हे काम तुमची लेकही करेल. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी साठलेला पाचोळाही काढत जा. आणि पुढच्या सीटखालच्या कार्पेटला हात लावून बघा. ते ओलं लागलं तर पाणी कुठून येतंय ते शोधा, नुसतं वाळवून थांबू नका.

घाटाचं बोलायचं तर ब्रेक ऑइलवर माझा जोर राहील, कारण ते कुणी बदलतच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरडं ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, ओल शोषल्यावर मात्र किमान हमी १४० अंशांचीच उरते. कोयनेकडून चिपळूणला उतरताना सतत ब्रेक दाबले की चाकापाशी तेवढी उष्णता सहज तयार होते. मग ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. दर दोन वर्षांनी ते बदला. गेल्या दोन वर्षांत बदलल्याची पावती तुमच्याकडे नसेल, तर बदललेलं नाही असंच धरा. पुढचे पॅड आणि डिस्क, मागच्या ड्रममधले लायनर, हॅण्डब्रेक, सगळं त्याच फेरीत बघून घ्या. आणि उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय घरात कुणाला असेल, तर ती मोडा. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ही इंजेक्शनची गाडी पेट्रोल बंदच करते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागत राहतं. इंजिन बंद केलं तर विचारायलाच नको, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत आजही बरोबर आहे.

टायरचं वय नक्षीवरून कळत नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. सहा वर्षांच्या पुढचा टायर घाटातल्या कुटुंबाच्या गाडीला मी ठेवणार नाही, नक्षी कितीही दिसो. स्टेपनीचाही शिक्का वाचा.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवल्या आहेत, तुमची २०१३ची आहे. म्हणून घाबरून काही ओतत बसू नका. मात्र काही जुन्या गाड्यांत हे इंधन बराच काळ वापरल्यावर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारच्या खुलाशातही म्हटलंय. तेव्हा दर सर्व्हिसला पेट्रोलच्या पाइपांना हात लावून बघायला सांगा. पाइप कडक झालेला, तडकलेला किंवा फुगलेला असेल तर लगेच बदला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी काढू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गिअर ऑइल बहुधा कधीच बदललेलं नसेल, एकदा बदला. ड्राइव्ह शाफ्टचे (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूट फाटले असतील तर आत्ताच बदला. बूट स्वस्त असतो, आत माती गेल्यावर लागणारा जॉइंट महाग. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर मॅन्युअलप्रमाणे. रंगावरचे ओरखडे, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम यांवर यंदा एक रुपयाही घालू नका.

दिरांच्या सल्ल्यामागे काळजी आहे, आणि पत्रा कुजलेला निघाला तर तेच बरोबर ठरतील. पण जुनी विकून दुसरी जुनी घेण्यात एक धोका आहे. या गाडीला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे, त्या गाडीचं कुणी सांगणार नाही. त्यात आपण चिपळूणचे. २२ जुलै २०२१च्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात, आणि दूरच्या शहरात विकायला गेलेली गाडी परत इकडेही येऊ शकते. कधी बघायला गेलातच, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. नेहमी गुंडाळलेला राहणारा भाग कुणी धूत नाही, तिथे गढुळ पाण्याची रेघ दिसते. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेही बघा.

कायद्याची धास्ती नको. पेट्रोल १५ वर्षं आणि डिझेल १० वर्षं हा नियम दिल्ली परिसराचा. आपल्याकडे २०२८ मध्ये तुमच्या नोंदणीला १५ वर्षं होतील. तेव्हा आरटीओत गाडी तपासून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. तिथेही गाडीची प्रत्यक्ष अवस्था बघतात, म्हणून पुन्हा पत्रा आणि ब्रेक. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल, तर तीही बसवून घ्या.

पैशांची मर्यादा मात्र आजच घाला. एक वही करा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला. पेट्रोल आणि विमा सोडून वर्षभराचा दुरुस्तीखर्च काढा. साध्या जुन्या गाडीसाठी कर्ज काढलंत तर वर्षाचे हप्ते किती होतील, तेही बँकेत विचारून वहीत लिहा. दुरुस्तीचा आकडा सलग दोन वर्षं त्या हप्त्यांच्या निम्म्याच्या वर गेला, तर गाडी बदलायची वेळ आली असं मी म्हणेन. पहिल्या वर्षी खर्च जास्त दिसेल, कारण राहून गेलेली कामं एकदम होतील. त्यावरून निराश होऊ नका. तुमच्यासारखेच एक शिक्षक अमेरिकेत होते, इर्व्ह गॉर्डन. त्यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो २०१३ मध्ये ३० लाख मैलांच्या पुढे नेली, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. त्या मानाने तुमचे १ लाख ९२ हजार काहीच नाहीत. पत्रा आणि कॉम्प्रेशन ठीक निघाले, तर पाच वर्षं ही गाडी तुम्हाला देईल असं मला मनापासून वाटतं.

पंढरपूरला हीच न्या, पण तपासणी आणि थंड ठेवायच्या व्यवस्थेचं सगळं काम नोव्हेंबरातच संपवा. त्यानंतरच्या कराडच्या दोन्ही फेऱ्या ही तुमची चाचणी. घाट चढून वर पोचल्यावर थांबा, गाडीखाली ओघळ आहे का बघा, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीची पातळी पाहा. ती खाली गेली असेल तर गाडी परत गॅरेजला. निघताना पाच माणसं आणि सामान असेल, म्हणून टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलीय तेवढी भरा. सोबत त्याच ग्रेडचं लिटरभर ऑइल, तयार कूलंटची बाटली, दोन-तीन फ्यूज, जॅक-पाना आणि हवा असलेली स्टेपनी ठेवा. घाट पहाटे चढा. आणि निघायच्या आदल्या दिवशी गाडीचं कुठलंही नवं काम काढू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. कालच बसवलेला होस पाइप घट्ट आवळलाय की नाही, हे घाटात कळण्यापेक्षा शाळेच्या वाटेवर कळलेलं बरं.